सुनीती नामजोशी यांची कविता आणि नीतिकथा : भाषा, प्राणिरूपक आणि स्त्रीत्व

प्रस्तावना

भारतीय वंशाच्या कॅनेडियन कवींचा विचार करताना सुनीती नामजोशी यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. तथापि, त्यांना नेमके कोणत्या साहित्यात बसवावे, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. जन्म मुंबईचा, घरची भाषा मराठी, उच्च शिक्षण पुणे विद्यापीठात, डॉक्टरेट मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाची, अध्यापन टोरंटो विद्यापीठात, पहिली पुस्तके कोलकात्याची, गाजलेले पुस्तक लंडनचे आणि आत्मकथनपर पुस्तक मेलबर्नचे, असा त्यांचा प्रवास आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडा सोडून त्या इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात स्थायिक झाल्या. त्यामुळे 'कॅनेडियन', 'भारतीय इंग्रजी', 'ब्रिटिश स्त्रीवादी' अशी प्रत्येक ओळख त्यांच्या बाबतीत खरी असूनही अपुरी ठरते.

प्रस्तुत लेखात नामजोशी यांच्या जीवनाचा व साहित्याचा परिचय करून देऊन दोन प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे. त्यांनी कवितेच्या जोडीने प्राण्यांच्या नीतिकथेचा आश्रय का घेतला? आणि त्यांच्या साहित्याशी मराठीचा संबंध केवळ जन्माचा आहे, की त्याहून खोल आहे? हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, अशी या लेखाची धारणा आहे.

जीवनपट

सुनीती नामजोशी यांचा जन्म 1941 मध्ये मुंबई येथे झाला. त्यांच्या आई सरोजिनी या फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातील होत. वडील मनोहर नामजोशी हे वैमानिक होते. बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांची चाचणी घेण्याचे काम ते करीत. 1953 मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. सुनीती यांचे शालेय शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक या शाळेत आणि पुढे जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या ऋषी व्हॅली शाळेत झाले. पुणे विद्यापीठातून इंग्रजी विषयात बी. ए. व एम. ए. केल्यानंतर 1964 मध्ये त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. उच्च शिक्षणासाठी त्या अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात गेल्या आणि 1969 मध्ये त्यांनी ही सेवा सोडली. एझरा पाउंड यांच्या काव्यावरील प्रबंधासाठी मॅकगिल विद्यापीठाने त्यांना 1972 मध्ये डॉक्टरेट दिली. त्याच वर्षापासून टोरंटो विद्यापीठाच्या स्कारबरो महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्यापन सुरू केले.

या जीवनपटात एक बाब लक्षणीय आहे. संस्थानिक घराणे, प्रशासन सेवा आणि विद्यापीठ या अधिकाराच्या तिन्ही जागा नामजोशी यांनी आतून पाहिल्या. स्त्री म्हणून, पुढे समलिंगी स्त्री म्हणून आणि परदेशात सावळ्या वर्णाची स्थलांतरित म्हणून त्या याच जागांच्या बाहेरही राहिल्या. आत असूनही बाहेर असण्याची ही स्थिती त्यांच्या लेखनातील उपरोधाचे मूळ होय.

पहिली पुस्तके आणि मराठीचा दुवा

पी. लाल यांनी 1958 मध्ये कोलकाता येथे स्थापन केलेल्या रायटर्स वर्कशॉप या प्रकाशनसंस्थेने इंग्रजीतून लिहिणाऱ्या अनेक भारतीय कवींना पहिला आधार दिला. नामजोशी यांचा 'पोएम्स' हा पहिला संग्रह 1967 मध्ये याच संस्थेने काढला. त्यानंतरचे पुस्तक मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. 1968 मध्ये सुनीती आणि सरोजिनी या लेकी-मायलेकींनी मिळून गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. राम गणेश गडकरी (1885-1919) यांची गोविंदाग्रज या नावाने लिहिलेली कविता भाषेच्या आतषबाजीसाठी आणि उत्कट, बहुधा विफल, प्रेमभावनेसाठी ओळखली जाते. 'प्रेमाचे शाहीर' हे बिरुद त्यांना त्यातूनच लाभले.

या अनुवादाकडे नामजोशी यांच्या उमेदवारीच्या काळातील एक काम म्हणून पाहण्याचा मोह होऊ शकतो. परंतु गोविंदाग्रजांच्या कवितेत प्रेम करणारा पुरुष बोलतो आणि स्त्री ही बहुतांशी त्याच्या बोलण्याचा विषय असते. त्या कवितेचा शब्द न् शब्द तोलून तो दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम ज्या कवयित्रीने तरुणपणी केले, तिलाच पुढे प्रश्न पडला की, प्रेमकवितेतील 'मी' स्त्री असेल आणि 'तू'ही स्त्री असेल, तर भाषेने काय करावे? 1986 मध्ये कवयित्री जिलियन हॅन्सकोम यांच्यासमवेत लिहिलेल्या 'फ्लेश अँड पेपर' या संग्रहात हा प्रश्न प्रत्यक्ष हाताळलेला दिसतो. तेथे कवितेला कविता उत्तर देते. जिच्यावर प्रेम आहे, तीही बोलते. प्रेमकवितेची एकतर्फी रचना येथे संवादात बदलते. गोविंदाग्रजांच्या अनुवादापासून या संग्रहापर्यंत सरळ रेषा काढणे धाडसाचे होईल, पण परंपरा आतून ठाऊक असल्याखेरीज तिची रचना अशी उलटवता येत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

या टप्प्यावर गौरी देशपांडे (1942-2003) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. दोघींच्या वयात जेमतेम वर्षाचे अंतर, दोघींचा पुण्याशी व इंग्रजीच्या उच्च शिक्षणाशी संबंध, आणि दोघींच्या कवितेचा आरंभ इंग्रजीतून. गौरी देशपांडे यांचा 'बिट्वीन बर्थ्स' हा संग्रहही रायटर्स वर्कशॉपनेच 1968 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे देशपांडे मराठी कथात्म साहित्याकडे वळल्या आणि 'एकेक पान गळावया' (1980) यासारख्या पुस्तकांतून त्यांनी मराठी मध्यमवर्गीय स्त्रीच्या मनाला नवी भाषा दिली. नामजोशी इंग्रजीतच राहिल्या, आणि देशही सोडून गेल्या. एकीने भाषा बदलली, दुसरीने वाङ्मयप्रकार बदलला. विवाह, निष्ठा, एकटेपण यांविषयी देशपांडे यांना जे म्हणायचे होते, ते वास्तववादी कथेत, थोड्या ताणाने का होईना, मावणारे होते. नामजोशी यांना जे म्हणायचे होते, त्यासाठी वास्तववादी कथेत तयार जागा नव्हती.

ही जागा का नव्हती, हे समजण्यासाठी मराठी रंगभूमीवरील एक उदाहरण पुरेसे आहे. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आले. स्त्रीने स्त्रीवर प्रेम करण्याचा विषय मराठी नाटकात एवढ्या थेटपणे मांडण्याचे श्रेय तेंडुलकरांना द्यावेच लागेल. मात्र त्या नाटकात मित्राची गोष्ट बापू हा तिचा मित्र सांगतो आणि ती गोष्ट तिच्या आत्महत्येने संपते. नामजोशी यांचे 'फेमिनिस्ट फेबल्स' हे पुस्तकही 1981 मध्येच लंडनच्या शीबा या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. त्यात सांगणारी स्त्री आहे, आणि तिला मरण्याची घाई नाही. वास्तववादी शोकांतिकेत जी व्यक्तिरेखा जगू शकत नाही, ती नीतिकथेत जगते, वाद घालते, हसते. वाङ्मयप्रकाराची निवड ही येथे शैलीपुरती बाब राहत नाही. त्या पात्राने जगावे की नाही, याचाच तो निर्णय ठरतो.

प्राणिरूपकाची भूमिका

नामजोशी यांच्या कवितेत प्राणी 'फेमिनिस्ट फेबल्स'च्या आधीपासून आहेत. 1980 मधील 'द जॅकस अँड द लेडी' या संग्रहाच्या नावातच गाढव आहे. पुढे गाय, निळे गाढव, एका डोळ्याचे माकड, मांजर असा मोठा परिवार त्यांच्या पुस्तकांतून वावरतो. 1989 मधील 'बिकॉज ऑफ इंडिया' या निवडक कवितांच्या व कथांच्या पुस्तकात नामजोशी यांनी आपल्या लेखनाच्या वाटचालीविषयी लिहिले आहे. पाश्चात्त्य मानवकेंद्री परंपरेत पुरुष हा 'माणूस' ठरतो आणि उरलेले सारे 'इतर' होतात. ज्या संस्कारात त्या वाढल्या, त्यात मात्र पशू हा माणसाहून मूलतः वेगळ्या जातीचा जीव मानला जात नाही. अशा आशयाची त्यांची भूमिका आहे. म्हणून 'तुला माणूस म्हणत नाहीत काय, मग मी पशूच' असे म्हणणे त्यांच्या लेखनात पराभवाचे लक्षण ठरत नाही.

1988 मधील 'द ब्लू डाँकी फेबल्स' या पुस्तकातील नाममुद्रेची कथा याचे उत्तम उदाहरण होय. तांबड्या पुलाशेजारी एक निळे गाढव राहते. नगरीच्या कारभाऱ्यांना हा रंगांचा मेळ सौंदर्यदृष्टीला बाधक वाटतो आणि गाढवाने पांढरे असावे, असा आग्रह निर्माण होतो. त्यावरून गावात पक्ष पडतात. कथा अवघी दीड-दोन पानांची, पण तिच्यामागे कॅनडाचा एक काळ उभा आहे. बहुसांस्कृतिकतेचे धोरण त्या देशाने 1971 मध्ये जाहीर केले आणि 1988 मध्ये, म्हणजे या पुस्तकाच्याच वर्षी, त्याचा कायदा केला. निळ्या गाढवावरून वाद घालणाऱ्यांत त्याचा कैवार घेणारेही आहेत, पण तेही गाढवाला काय वाटते हे विचारण्याची तसदी घेत नाहीत. स्थलांतरितांविषयीच्या उदार चर्चेतील ही उणीव नामजोशी यांनी एकही राजकीय संज्ञा न वापरता दाखवली आहे.

'द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काउ' (1985) या कादंबरिकेत सुनीती नावाच्या प्राध्यापिकेची भद्रावती या गाईशी गाठ पडते. ही गाय देवता आहे, समलिंगी आहे आणि मनास येईल तेव्हा रूप बदलणारी आहे. ती पुरुषही होते. तिच्या प्रत्येक रूपाबरोबर लोकांची वागणूक बदलते, हे पाहून सुनीतीला कळू लागते की, ज्याला आपण 'स्वत्व' म्हणतो ते पुष्कळसे समोरच्याच्या नजरेत असते. मराठी वाचकाला येथे एकनाथांच्या भारुडाची आठवण व्हावी. पैठणच्या एकनाथांनी जोशी, गोंधळी, आंधळा, मुका अशी अनेक सोंगे घेऊन जे सांगितले, ते एका प्रतिष्ठित ब्राह्मणाच्या मुखातून सरळ सांगता आले नसते. सोंग घेतल्याने सांगणारा लपतो, आणि त्याच वेळी नेहमीपेक्षा अधिक मोकळेपणाने बोलतो. नामजोशी यांची प्राणिपात्रे याच अर्थाने सोंगे आहेत.

एका कथेचे विश्लेषण

'फेमिनिस्ट फेबल्स'मध्ये पंचतंत्र, ग्रीक पुराणकथा आणि युरोपीय परीकथा यांची पुनर्रचना आढळते. पंचतंत्राचे नाव घेऊन आलेली त्यातील एक कथा येथे पाहू. काशीतील एक दरिद्री ब्राह्मण विष्णूकडे पुत्र मागतो. विष्णू प्रसन्न होतो, परंतु कन्या देतो. निराश झालेला बाप तिला विद्या शिकवतो. दोघे मिळून तप करतात. विष्णू पुन्हा प्रकटतो. बाप पुन्हा पुत्रच मागतो, आणि त्याला पुढच्या जन्मी तो बाई होऊन आठ पुत्रांना जन्म देईल, असा वर मिळतो. मुलगी माणूस म्हणून दर्जा मागते. ते काम अवघड असल्याचे सांगून देव एक आयोग नेमतो.

या कथेचा शेवट वाचून हसू येते, आणि ते हसू कोठून आले याचा विचार केल्यावर कथेचे बळ ध्यानात येते. वर देणे हे देवाचे काम, आयोग नेमणे हे सरकारचे. पुराणकथेच्या भाषेत चाललेले निवेदन शेवटच्या क्षणी सचिवालयाच्या भाषेत उतरते. पाच वर्षे प्रशासन सेवेत काढलेल्या लेखिकेला आयोग कशासाठी नेमतात, हे चांगले ठाऊक होते. नकार न देता नकार देण्याची ती रीत आहे. ईश्वरी सत्ता, शासकीय सत्ता आणि पुरुषसत्ता यांचे आतून असलेले साम्य एका शब्दात दाखवणे, ही या कथेची खरी कामगिरी होय.

याच कथेत आणखी एक बारीक टोचणी आहे. मुलगी विद्या भराभर आत्मसात करते, याचे कारण निवेदक असे देतो की, ती स्त्री असली तरी ब्राह्मण होती. वाचकाने हे विधान गंभीरपणे घेऊ नये, हे उघड आहे. स्त्रीच्या दुय्यमतेवर बोट ठेवणाऱ्या कथेतच जातीच्या अहंकाराची थट्टा झाली आहे.

मर्यादा आणि आत्मपरीक्षण

तरीही या ठिकाणी एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. प्राणिकथेतील गाढव, गाय, माकड यांना रंग असतो, लिंग असते, पण पाणवठा कोणता हे सहसा विचारले जात नाही. भद्रावती गाय ब्राह्मणी आहे, ही विनोदाची बाब होऊन राहते. जातीचा प्रश्न नामजोशी यांच्या आरंभीच्या कथांत उपरोधाच्या एखाद्या वाक्यापुरता येतो. ज्या काळात मराठीत दलित कवितेने आणि आत्मकथनांनी वाचकाची झोप उडवली, त्याच काळातील हे लेखन आहे, हे ध्यानात घेता ही उणीव नजरेआड करता येत नाही. रूपक सर्वांसाठी मोकळे असले तरी त्याच्या मोकळेपणातच विशिष्ट दुःखाचा पत्ता हरवण्याचा धोका असतो.

नामजोशी यांचे मोठेपण असे की, आपल्या बाजूचे दोष पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. 'द मदर्स ऑफ माया दीप' (1989) या कादंबरीत स्त्रियांच्याच सत्तेचे एक राज्य रंगवले आहे. तेथे माता राज्य करतात आणि मुलग्यांना स्थान नाही. सत्ता स्त्रियांच्या हाती आल्याने उतरंड नाहीशी होत नाही, हे स्त्रीवादी लेखिकेनेच सांगावे, ही त्या चळवळीच्या ऐन भरात सोपी गोष्ट नव्हती.

2000 मध्ये मेलबर्नच्या स्पिनिफेक्स प्रेसने प्रसिद्ध केलेले 'गोजा' हे आत्मकथनपर पुस्तक या दृष्टीने त्यांच्या लेखनातील निर्णायक टप्पा होय. त्यात दोन स्त्रिया आहेत. गोल्डी ही राणीसाहेब असलेली आजी, आणि गोजा ही वाड्यात काम करणारी, लहानग्या सुनीतीला सांभाळणारी बाई. दोघींनीही मुलीवर माया केली. दोघींच्या मध्ये मात्र धन्याचे आणि चाकराचे अंतर होते. मृत्यूनंतर या दोघींशी लेखिका कल्पनेत बोलते आणि प्रेमाला अशी विषमता पुसता येते काय, असे विचारते. यात प्राण्याचे सोंग गळून पडले आहे. आश्रित आणि आश्रयदाते, बोलणारे आणि ज्यांच्या वतीने बोलले जाते ते, यांचे नाते उघड्यावर आले आहे. ज्या भाषेत हे पुस्तक लिहिले गेले, ती गोजाची भाषा नव्हे. म्हणजे क्षमा ज्या भाषेत मागितली, ती भाषाच क्षमा करणारीच्या आणि मागणारीच्या मधील अंतराचा पुरावा आहे. हा पेच पुस्तकात सुटत नाही, आणि तो सोडवल्याचा आव लेखिका आणत नाही.

'स्नॅपशॉट्स ऑफ कॅलिबन' या कवितामालेत नामजोशी यांनी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधील कॅलिबनला स्त्रीरूप दिले होते. ही मालिका 'फ्रॉम द बेडसाइड बुक ऑफ नाइटमेअर्स' (1984) या संग्रहात आहे. 2006 मधील 'सिकोरॅक्स' या पुस्तकात कॅलिबनची आई वृद्धपणी आपल्या बेटावर परत येते. शेक्सपिअरच्या नाटकात जी रंगमंचावर कधी येतच नाही, तिला येथे आवाज मिळतो. गोजाच्या नंतर सिकोरॅक्स यावी, हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्यांच्याविषयी इतरांनीच सांगितले, त्या स्त्रियांकडे लेखिकेचे लक्ष उत्तरोत्तर वळत गेलेले दिसते.

गुणाढ्याची परंपरा

छत्रपती संभाजीनगरहून चितेगावमार्गे जाणारा रस्ता पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानला पोहोचतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात या नगरीशी निगडित गुणाढ्याची आख्यायिका आहे. सातवाहन राजाला संस्कृत शिकवण्याच्या पैजेत हरल्यामुळे गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करतो. उरलेल्या पैशाची भाषेत तो सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचतो. भाषा हीन म्हणून राजा ती नाकारतो. तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन पशुपक्ष्यांना कथा वाचून दाखवतो आणि वाचलेले एकेक पान अग्नीत टाकतो. प्राणी चरणे विसरून ऐकत राहतात. राजाला वार्ता कळेपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून जातात. एक लक्ष वाचतात.

भारतीय कथेच्या उगमाशी असलेली ही गोष्ट सत्ता, भाषा आणि प्राणी यांच्याविषयी आहे. दरबाराने नाकारलेली कथा प्राण्यांनी ऐकली. नामजोशी यांच्या साहित्याचा मराठी भूमीशी असलेला संबंध वंशावळीत शोधण्यापेक्षा या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. गुणाढ्याने प्रतिष्ठित भाषा सोडली. नामजोशी यांनी प्रतिष्ठित भाषाच हाती घेतली, पण त्या भाषेतील दुय्यम, बालवाङ्मयात ढकललेला वाङ्मयप्रकार निवडला. दोघांचेही श्रोते प्रथम दरबाराबाहेरचे होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. नामजोशी यांच्या साहित्याला एकाच राष्ट्राचे नाव देणे अपुरे आहे. कॅनडातील वास्तव्याने त्यांना 'इतर' असण्याचा अनुभव तीव्रतेने दिला, तर त्या अनुभवाला रूप देणारे साहित्य बव्हंशी भारतीय कथापरंपरेतून आले.

2. प्राणिकथा हा त्यांच्यासाठी वास्तवापासून पळण्याचा मार्ग नव्हता. वास्तववादी साहित्यात ज्या स्त्रीला मरणाखेरीज शेवट नव्हता, तिला जगवण्याचा तो मार्ग होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून 2018 मध्ये बाहेर काढले. 'फेमिनिस्ट फेबल्स' त्याच्या 37 वर्षे आधीचे आहे.

3. जातीच्या आणि वर्गाच्या प्रश्नाबाबत त्यांच्या आरंभीच्या लेखनात मर्यादा आढळतात. 'गोजा'मध्ये त्यांनी त्या मर्यादेला स्वतःच भिडण्याचा प्रयत्न केला.

4. गोविंदाग्रजांचा अनुवाद हा त्यांच्या मराठीशी असलेल्या नात्याचा ठोस पुरावा असून त्याचा स्वतंत्र, मूळ कवितांशी ताडून केलेला अभ्यास होणे आवश्यक आहे.

ग्रामीण महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, इंग्रजी ही बहुधा दरबाराची भाषा वाटते. त्या भाषेत आपण नेहमीच चुकणार, ही भीती तिच्या मनात आधीपासून असते. त्याच भाषेत एक निळे गाढव पांढरे होण्यास नकार देऊन पुलाशेजारी उभे आहे, हे तिला कळणे महत्त्वाचे आहे. नामजोशी यांची कथा दोन पानांत संपते, वाक्ये छोटी आहेत, शब्दकोश फारसा लागत नाही, आणि तिचा अर्थ चर्चेशिवाय पुरता उलगडत नाही. वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगला मजकूर शोधावा लागेल. त्या कथांचे मराठीत साक्षेपी भाषांतर झाले, तर एका मराठी मायलेकीने 1968 मध्ये मराठीतून इंग्रजीकडे जी वाट पाडली, तिच्यावरून परतीचा प्रवासही होऊ शकेल.